नव्या विश्वासणाऱ्यास

बाप्तिस्म्यानंतर बहुतेकांना एकच प्रश्न छळतो: देवाने माझ्यासाठी नेमके कोणते कार्य ठरवले आहे? त्यासाठी घाईने नोकरी सोडू नका किंवा दर्शनाची वाट पाहत बसू नका. सार्वकालिक जीवन मृत्यूनंतरच सुरू होते, अशी आपली समजूत असते. परंतु योहानकृत शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायातील प्रार्थनेत येशू ते जीवन म्हणजे पित्याला आणि त्याने पाठवलेल्या ख्रिस्ताला ओळखणे असे सांगतो, आणि ही ओळख आजच, हातातले काम करता करता वाढू शकते.

प्रेषित पौलाचेच पाहा. करिंथ शहरात तो अक्विला व प्रिस्किल्ला या दांपत्याकडे राहून तंबू बनवण्याचा धंदा करी आणि शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, त्यांच्या सभास्थानात बोलत असे. जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, असे कलस्सै येथील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितले ते दासांना, म्हणजे ज्यांना आपले काम निवडण्याची मुभाच नव्हती त्यांना. प्रवचनांत हा संदर्भ पुष्कळदा निसटतो.

तेव्हा रोज सकाळी बायबलमधील स्तोत्रसंहितेतले एखादे स्तोत्र सावकाश वाचा आणि दिवसातले सर्वांत कंटाळवाणे काम, मग ती हिशेबाची वही असो की आजाऱ्याचे अंथरूण बदलणे असो, प्रार्थनेत प्रभूपुढे ठेवून कोणी पाहत नसतानाही नीट पुरे करा. मंडळीतील सेवेची हौस चांगलीच. पण घरच्यांशी तुसडेपणाने वागून केलेली सेवा माझ्या मते पोकळ असते. मन कोरडे पडेल तेव्हा पाळकांशी मोकळेपणाने बोला, आणि प्रार्थनेला शब्द सुचले नाहीत तर 13वे स्तोत्र मोठ्याने वाचा; त्याची सुरुवातच तक्रारीने होते.