डच घड्याळं जमवायला सुरुवात करताय? आधी हे बघा

डच शास्त्रज्ञ हायगेन्सपासून सुरुवात करा. त्याचं लंबकाचं घड्याळ 1656 चं, तोल-चाकाची (पुढे-मागे झुलून घड्याळाची लय राखणाऱ्या चाकाची) सर्पिल स्प्रिंग 1675 ची. लायडनचं बुरहावे संग्रहालय त्यासाठी पाहाच.

पहिली खरेदी म्हणून डेल्फ्टच्या होल्टिनरिक्स कंपनीचं मनगटी घड्याळ उत्तम. 'ऑर्नामेंट 1' ची केस स्टीलची, थ्रीडी प्रिंटरवर घडवलेली. आत हाताने चावी द्यायचं प्योझ 7001 हे यंत्र. वापरलेलं घेताना लग्सच्या (केसला पट्टा जोडणाऱ्या शिंगांच्या) मधला भाग भिंगाखाली बघा. तिथला खरखरीत पोत मूळचा असतो. कुणी बफिंग करून (घासून चकाकी देऊन) तो गुळगुळीत केला असेल, तर तो परत येत नाही. असा नग सोडून द्या. पूर्ण चावी देऊन टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) ठेवा. अँप्लिट्यूड, म्हणजे तोल-चाकाच्या झोक्याचा कोन, 270 अंशांच्या आसपास हवी. 220 च्या खाली असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करून मागा. घड्याळ एकदम दिवसाला मिनिटभर पुढे पळायला लागलं असेल, तर बहुधा चुंबकत्वाने तोल-चाकाच्या स्प्रिंगचे वेढे चिकटलेत. चुंबकत्व काढणारा डीमॅग्नेटायझर आधी, दुरुस्ती नंतर.

ख्रिस्तियान फान डेर क्लाऊ कंपनीचं, डायलवर ग्रह फिरवणारं 'प्लॅनेटेरियम' घड्याळ घ्यायचं तर आधी नेदरलँड्समधल्या फ्रानेकरला जाऊन आइझिंगाचं, 1781 मध्ये पूर्ण झालेलं छतावरचं तारांगण बघा. घड्याळ दहा दिवस बंद पडलं, तर बुध सुमारे 41 अंश मागे राहतो, शनी जेमतेम तृतीयांश अंश. म्हणून ग्रह परत जुळवायचे कसे, हे विक्रेत्याकडून प्रत्यक्ष करून घ्या.

ओल्डेनझालच्या ग्रोनेफेल्ड बंधूंचं '1941 रेमोंटवार' परवडो न परवडो, संधी मिळाली तर हातात घ्याच. रेमोंटवार म्हणजे घड्याळाला ठरावीक वेळाने सारखंच बळ पुरवणारी रचना. दर आठ सेकंदांनी डायलवरचा गव्हर्नर, म्हणजे तिचा वेग आवरणारा भाग, गरकन फिरतो. ब्रिजांचे (आतली चाकं जागेवर धरणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचे) आकार डच घरांच्या घंटाकार दर्शनी भिंतींवरून घेतलेत, आणि त्यांच्या कडांचं पॉलिश बघण्यात अर्धा तास सहज जातो.