बारीक अंगकाठी आणि मधुमेह: तुमच्या रिपोर्टबद्दल

तुमचे आकडे आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४२, उंची १७० सेंमी, वजन ६४ किलो, कंबर ३६ इंच. उपाशीपोटी साखर १४९, जेवणानंतर दोन तासांनी २३८, एचबीए१सी (सरासरी साखरेची चाचणी) ८.१ टक्के, हिमोग्लोबिन १४. ऑफिसच्या तपासणीत हे निघालं, त्रास काहीच नाही. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ही साखर कमी करणारी गोळी लिहून दिली, पण तुम्ही अजून घेतलेली नाही, कारण मनात एकच येतंय: मी बारीक, गोडाची आवड नाही, मग मला कसा होईल? मी स्वतः बरीच वर्षं मधुमेही आहे आणि अंगकाठी तुमच्यासारखीच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रिपोर्ट चुकल्याची शक्यता फार कमी आहे. निदानाची रेघ उपाशीपोटी १२६ आणि एचबीए१सी ६.५. लक्षणं नसतील तर एका चाचणीवर निदान करत नाहीत, पण दोन वेगळ्या चाचण्या एकाच वेळी रेघेच्या वर आल्या तर ते पक्कं धरतात. तुमच्या दोन्ही चांगल्याच वर आहेत. एचबीए१सी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, आणि ती फसवते ती तांबड्या पेशींचंच काही बिघडलेलं असेल तेव्हा. लोह कमी असेल तर खोटी वाढलेली दिसू शकते, सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजारात खोटी कमी. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल जास्त आढळतो, तिकडे घर असणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. तुमचं हिमोग्लोबिन चांगलं आहे आणि उपाशीपोटीची साखरही तेच सांगते आहे.

त्रास का नाही? रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत ओढून घेता येत नाही, ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी नेते. सारखी लघवी, तहान, वजन उतरणं हे सगळं तिथून पुढचं. तुमची साखर ती पातळी बहुधा जेवणानंतर काही वेळच ओलांडते. म्हणून काही जाणवत नाही, पण डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांना आणि पायाच्या नसांना हा काळही बाधतो.

आता बारीकपणाचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर याच कोड्यावर काम केलं आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा फोटो आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे हातपाय काडीसारखे असले तरी चरबी पोटात आणि यकृतात साठते, स्नायू कमी असतात, आणि रक्तातली साखर पेशींत पोहोचवणाऱ्या इन्सुलिनचं काम तिथे अडतं. तुमचा बीएमआय २२ म्हणजे उत्तम दिसतो, पण भारतीय पुरुषासाठी कंबरेची मर्यादा ९० सेंमी धरतात आणि तुमची ३६ इंच म्हणजे ९१ च्या वर. वजनकाटा बाजूला ठेवा, टेप घ्या.

गोळी आजच्या जेवणाबरोबर सुरू करा. 'एकदा लागली की सुटत नाही' ही भीती मी असंख्य घरांत ऐकली आहे, आणि तिच्यापायी लोक सगळ्यात मोलाचा काळ घालवतात. ब्रिटनमधला यूकेपीडीएस हा मोठा अभ्यास १९७७ साली नव्याने निदान झालेल्यांवर सुरू झाला. त्यातल्या लोकांचा पाठपुरावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं की सुरुवातीला ज्यांची साखर नीट ताब्यात होती, त्यांना त्याचा फायदा पुढेही मिळत राहिला, त्यांची आणि बाकीच्यांची साखर नंतर सारखी झाली तरी. पुढे आकडे सुधारले तर डॉक्टर गोळी कमीही करतात. पहिले काही दिवस पोट ढवळू शकतं, जुलाब होऊ शकतात. जेवणाबरोबर घेतली की कमी होतं, नाहीतर हळू विरघळणारी गोळी मागा. ती बरीच वर्षं चालली तर बी१२ तपासत राहा, शाकाहारी असाल तर नक्कीच.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. गोळ्या घेऊनही साखर चढत राहिली आणि वजन आपोआप उतरू लागलं, तर डॉक्टरांना सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते) आणि जीएडी अँटिबॉडी (इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर शरीरच हल्ला करतंय का ते) तपासण्याबद्दल विचारा. टाइप १, म्हणजे शरीराचं स्वतःचं इन्सुलिनच संपत जाणारा मधुमेह, मोठ्या वयातही हळूहळू सुरू होऊ शकतो, आणि बारीक माणसात तो नेहमीचा टाइप २ समजून चालवला जातो. तिथे इन्सुलिनच लागतं.

भात-पोळी पूर्ण बंद करू नका. असं पथ्य महिनाभरही टिकत नाही. त्याऐवजी ग्लुकोमीटर घ्या. जेवणाआधी एकदा, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. हात साबणाने धुऊन, नाहीतर बोटाला लागलेलं केळंच मोजलं जातं. आधी ८० ते १३० आणि नंतर १८० च्या आत हे बहुतेकांसाठीचं लक्ष्य. मग एक दिवस बशीभर कांदेपोहे खा, दुसऱ्या दिवशी मुगाची धिरडी आणि दही, आणि दोन्हींचे आकडे शेजारी लिहा. माझ्याकडे पोहे दरवेळी उंच उडी मारतात, धिरडी मारत नाहीत. तुमचं वेगळं असू शकेल, म्हणून मोजायचं. ज्वारीची भाकरी चांगली, पण तीन भाकऱ्या म्हणजे तीन भाकऱ्यांचा स्टार्च. गूळ आणि मध हे साखरच. ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ संपवा, भात शेवटी आणि वाटीभर. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. चालते स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात. बारीक माणसाला नुसतं चालणं पुरत नाही, आठवड्यातून दोनदा तरी बैठका, वजनं, जोर असं काहीतरी करा. स्नायू वाढले की साखर ठेवायला जागा वाढते.

डोळ्याच्या पडद्याची तपासणी आत्ताच करून घ्या, चष्म्याच्या नंबरची नव्हे. टाइप २ किती दिवसांपासून आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन, शिवाय कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि पायांची तपासणीही लगेच, मग दरवर्षी. एचबीए१सी तीन महिन्यांनी.

श्रावणी सोमवारचं विचारलंत. नुसत्या मेटफॉर्मिनवर साखर एकदम खाली जाण्याचा धोका फार कमी, तेव्हा उपवास जमू शकेल, डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. अडचण फराळाची आहे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर बटाटा. त्यापेक्षा ताक, भाजलेले शेंगदाणे, राजगिरा, थोडं पनीर, एखादं फळ. पुढे कधी ग्लिमेपिराइडसारखी, शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी गोळी किंवा इन्सुलिन सुरू झालं, तर डोस ठरवून घेतल्याशिवाय उपवास धरू नका. थरथर, घाम, धडधड जाणवली आणि मीटरवर ७० च्या खाली दिसलं, तर उपवास तिथेच सोडायचा. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर हळू चढते. मीटर जवळ नसेल तर मोजायला थांबू नका, आधी साखर घ्या.