नाशिकचा फ्लॅट विकून मेलबर्नला घर बांधावं का?

प्रश्न : ताई, आम्हा दोघांना ऑस्ट्रेलियाचा पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) मिळाला आहे. दोन-तीन महिन्यांत मेलबर्नला निघू. ह्यांचा चुलतभाऊ टार्नीटला राहतो. त्याने तिथल्या एका बिल्डरचं हाऊस अँड लँड पॅकेज पाठवलं आहे. प्लॉट ३ लाख ७० हजार, घर ३ लाख ३० हजार, एकूण ७ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. सासरे म्हणतात, राहता फ्लॅट विका आणि पैसे घेऊनच जा, उगीच भाडं भरत बसू नका. घराला प्रत्यक्षात किती खर्च येईल? आणि सासऱ्यांचं ऐकावं का?
— मृ. कु., नाशिक

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं आधी बोलते, कारण तिथे घाई झाली तर पहिल्याचा हिशोब करण्यात अर्थ नाही. फ्लॅट आत्ता विकू नका, भाड्याने द्या.

सासऱ्यांच्या मनात बहुधा हे असेल की एक घर विकून दुसरं घेतलं की नफ्यावरचा कर वाचतो. वाचतो, पण दुसरं घर भारतात असेल तरच. २०१४ मध्ये कायद्यात तशी दुरुस्ती झाली. मेलबर्नचं घर दाखवून ती सवलत मिळत नाही. पुढे एनआरआय म्हणून विकाल तेव्हा घेणाऱ्याला पूर्ण किमतीवर टीडीएस कापावा लागतो. त्यासाठी आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवायचं असतं. हा व्याप आहे, नाही असं नाही. पण नोकरी कुठे लागते, मुलांची शाळा कुठली, ट्रेन किती लांब, हे कळायच्या आत जन्माची पुंजी एका प्लॉटमध्ये ओतण्यापेक्षा तो व्याप परवडला.

एक काम मात्र निघण्यापूर्वी कराच. सरकारमान्य व्हॅल्युअरकडून फ्लॅटचं मूल्यांकन करून घ्या आणि अहवालावर तुमच्या निघण्याच्या आसपासची तारीख असू द्या. तुम्ही ऑस्ट्रेलियाचे करनिवासी झालात की भारतातल्या मालमत्तेचा नफाही तिथे कराच्या कक्षेत येतो. पण तिथला हिशोब तुम्ही निवासी झालात त्या दिवसाच्या बाजारभावापासून सुरू होतो. आधी वाढलेली किंमत त्यात धरत नाहीत. हा कागद हातात नसला तर पाच वर्षांनी तो भाव सिद्ध करणं फार अवघड जातं.

पैसे पाठवताना एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरची मर्यादा आहे. त्यात अडचण यायची नाही. अडचण येते टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक जो कर कापते त्याची. वर्षात दहा लाख रुपयांच्या वर गेलं की पुढच्या रकमेवर बँक २० टक्के कापून घेते. विवरणपत्र भरल्यावर ते मिळतात, पण तोवर ऐन गरजेच्या वेळी अडकून पडतात. सासू-सासरेही हातभार लावणार असतील तर चौघांच्या खात्यांतून आणि ३१ मार्चच्या अलीकडे-पलीकडे विभागून पाठवा. त्यांच्या रकमेसाठी ऑस्ट्रेलियातली बँक ‘गिफ्ट लेटर’ (हे पैसे भेट आहेत, उसने नाहीत असं पत्र) मागेल, ते तयार ठेवा.

आता ते सात लाख. मी इथे मेलबर्नला घरबांधणीत एस्टिमेटर आहे, नकाशा आणि माती बघून खर्च काढणं हेच माझं काम. तुमच्या पॅकेजमध्ये मी सगळ्यात आधी शोधीन ती ‘साइट कॉस्ट’ची ओळ, म्हणजे त्या प्लॉटच्या मातीमुळे खोदाई आणि पायाला येणारा खर्च. टार्नीट, वेरिबी, मेल्टन हा सगळा मेलबर्नच्या पश्चिमेचा पट्टा लाव्हारसाच्या पठारावर बसला आहे. खाली बेसॉल्ट, वर त्याचीच झिजून झालेली चिकण माती. नाशिकच्या माणसाला ती समजावून सांगायला नको. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, तशीच हीसुद्धा. वरचं घर तिच्याबरोबर हलतं. म्हणून इथे प्रत्येक प्लॉटची माती तपासून वर्ग देतात. ‘एम’ म्हणजे जमीन २० ते ४० मिलिमीटर वरखाली होण्याची शक्यता, ‘एच१’ म्हणजे ४० ते ६०, ‘एच२’ म्हणजे ६० ते ७५. ‘ई’ त्याच्याही पुढे. वर्ग जितका वरचा तितका स्लॅब जाड, सळई जास्त, बीम खोल.

परवाच एक अहवाल हातात होता. पहिल्या बोअरला वीस सेंटिमीटरपर्यंत भराव, मग करडी-तपकिरी चिकण माती, आणि ९० सेंटिमीटरवर एकच शब्द : ‘रिफ्यूजल’. म्हणजे ड्रिल तिथे अडलं, खाली दगड लागला. दुसरा बोअर त्याच प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात, तो दीड मीटर सरळ खाली गेला. अशा ठिकाणी ड्रेनेजचा चर खणताना ब्रेकर लावावा लागतो आणि त्याचं बिल तुमच्या नावावर येतं. करारात साइट कॉस्ट ‘प्रोव्हिजनल सम’ म्हणून लिहिली असेल तर तो नुसता अंदाज असतो, वाढला की फरक तुम्ही भरायचा. दगड धरून पक्की रक्कम लिहून मागा. त्या पट्ट्यात सपाट प्लॉटलाही मी २५ हजारांच्या खाली आकडा धरत नाही.

यापुढची यादी कंटाळवाणी असली तरी पैसे तिथेच जातात. ड्राइव्हवे, कुंपण (शेजाऱ्याबरोबर साधारण निम्मं-निम्मं), पुढची बाग, फरशी, पडदे, एसी, जाळीची दारं, कपडे वाळत घालायची दांडी, अगदी टपालपेटीसुद्धा. स्वस्त पॅकेजमध्ये यातलं बरंचसं नसतं. डिस्प्ले होममध्ये (बिल्डरच्या नमुन्याच्या घरात) जे पाहून हरखून जाल, त्यातलंही बरंच जादा पैशांचं अपग्रेड असतं. या सगळ्याला तीस-चाळीस हजार वेगळे काढा. तुमचे सात लाख मी पावणेआठच्या आसपास धरीन.

इथे एक मर्यादा ध्यानात ठेवा. व्हिक्टोरियात पहिल्या नव्या घराला १० हजार डॉलर अनुदान मिळतं, पण प्लॉट आणि बांधकामाचा करार मिळून साडेसात लाखांच्या आत असतील तरच. नाशिकचा फ्लॅट आड येत नाही, ऑस्ट्रेलियात आधी घर नव्हतं एवढं पुरतं. तेव्हा कुंपण-बागेसारखी कामं बिल्डरच्या करारात न घालता नंतर बाहेरून करून घ्या. स्टँप ड्युटी फक्त जमिनीवर लागते, आणि पहिल्या घराच्या सवलतीमुळे तुमच्या किमतीच्या प्लॉटवर ती माफ व्हायला हवी. कन्व्हेयन्सरकडून (मालमत्तेच्या व्यवहाराची कागदपत्रं बघणाऱ्याकडून) खात्री करून घ्या.

भाडं वाचेल हे मात्र खरं नाही. प्लॉट ताब्यात आला की त्याच्या कर्जाचं व्याज सुरू होतं आणि घर होईपर्यंत भाडंही चालूच राहतं. १९९५ च्या कायद्याने घालून दिलेले हप्ते असे : अनामत ५ टक्के, पाया १०, सांगाडा १५, लॉकअप (भिंती, छत, बाहेरची दारं-खिडक्या लागून घर बंद होणं) ३५, आतलं फिक्सिंग (आतली दारं, कपाटं वगैरे बसवणं) २५, उरलेले १० शेवटी. बँक त्या त्या टप्प्याला पैसे सोडते, तसं व्याज चढत जातं. वर्षभराचं भाडं आणि व्याज दोन्ही भरता येईल एवढी शिल्लक बाजूला नसेल तर सही करू नका.

अनामतीबद्दल मला अगदी कळकळीने सांगायचं आहे. मार्च २०२३ मध्ये पोर्टर डेव्हिस ही मोठी कंपनी बुडाली तेव्हा सुमारे १,७०० घरं अर्धवट राहिली. शेकडो कुटुंबांनी अनामत भरली होती, पण बिल्डर बुडाला तर भरपाई देणारा विमा कंपनीने त्यांच्या नावाने काढलेलाच नव्हता. शेवटी राज्य सरकारला त्यांचे पैसे द्यावे लागले. १६ हजार डॉलरच्या वरच्या कामाला हा विमा सक्तीचा आहे. तुमचं नाव आणि प्लॉटचा पत्ता असलेलं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका, ओळखीचा माणूस मध्ये असला तरी. सही झाल्यावर मन बदललं तर प्लॉटच्या कराराला कामकाजाचे तीन दिवस आणि बांधकामाच्या कराराला पाच दिवस असतात.

नकाशा निवडताना दोन गोष्टी बघा. आपली माणसं पूर्वेच्या दारासाठी जास्त पैसे मोजतात. तो श्रद्धेचा भाग आहे, मी त्यात पडत नाही. पण दक्षिण गोलार्धात हिवाळ्याचं ऊन उत्तरेकडून येतं, तेव्हा बसायची खोली उत्तरेला असू द्या, हीटरचं बिल कमी येईल. आणि शेगडीवरचा पंखा छतातून बाहेर हवा सोडणारा घ्या. आतल्या आत हवा फिरवणाऱ्या पंख्याचा आपल्या फोडणीपुढे निभाव लागत नाही, आणि नंतर छत फोडून डक्ट घालणं महागात पडतं.

प्रश्न : मी ४८२ व्हिसावर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) मेलबर्नला आहे, पत्नीही. आम्हालाही असं घर बांधता येईल का?
— एक वाचक

उत्तर : येईल, पण महाग पडेल. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळात तात्पुरत्या व्हिसावर जुनं घर घेण्याला बंदी आहे. मोकळा प्लॉट परदेशी गुंतवणूक मंडळाची परवानगी काढून घेता येतो, चार वर्षांत घर पूर्ण करायच्या अटीवर. परवानगीची फी वेगळी. वरचं १० हजारांचं अनुदान तुम्हाला नाही, आणि नेहमीच्या ड्युटीशिवाय जमिनीच्या किमतीवर ८ टक्के जादा. वरच्या पत्रातल्या प्लॉटला हीच रक्कम २९,६०० डॉलर होते. पीआरचा अर्ज दाखल झाला असेल तर मी थांबेन.