परदेशातून एकचाकी सायकलचे टिकाऊ भाग मागवताना आधी काय बघावं?
स्वतः जुळवायच्या एकचाकीसाठी परदेशातून भाग मागवणार असाल, तर आधी हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, ठरवा. इथे चेन नसते, क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, थेट हबच्या आसावर बसतात, त्यामुळे प्रत्येक उडीचा झटका त्या सांध्यालाच सोसावा लागतो. उड्या मारायच्या किंवा डोंगरवाटेवर चालवायची असेल तर चौकोनी टोकाचा आस घेऊच नका. दहा खाचांचा आयसिस हब घ्या, आणि क्रँकही आयसिसच; आयसिस म्हणजे आस आणि क्रँक खाचांनी जोडायची ठरलेली पद्धत. मग बेअरिंगचा बाहेरचा व्यास: फ्रेमचे बेअरिंग धरणारे होल्डर ४० मिमीचेही असतात, ४२ चेही. दोन मिलिमीटरसाठी पार्सल समुद्रापार परत पाठवणं फार जिवावर येतं! हबची रुंदी १०० की १२५ मिमी, तेही लेखी विचारा. रिम मात्र आरांच्या भोकांची संख्या हबशी जुळली की साध्या सायकलचीही चालते, ती जवळच शोधा.