अडकलेली चेन आणि ती दहा मिनिटं

ताई,
माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. अभ्यासात चांगला, पाढे तोंडपाठ, सगळे त्याला हुशार म्हणतात. पण रोजच्या साध्या गोष्टींत तो अडून बसतो. ‘आई, पेन्सिल सापडत नाहीये’, ‘आई, आता काय करू?’ दिवसभर हेच. मागच्या आठवड्यात मी अंघोळ करून बाहेर आले तर हा दप्तर मांडीवर घेऊन बसलेला. चेन अडकली होती आणि दहा मिनिटं तो नुसती माझी वाट बघत होता. मी म्हटलं, ‘अरे, काही करून का नाही बघितलंस?’ तर म्हणाला, ‘चुकलं असतं तर?’ मी खूप ओरडले आणि मग रात्रभर मलाच झोप लागली नाही. मित्रांशी भांडण झालं तरी तो मलाच पुढे करतो. विसरलेली वही द्यायला गेल्या महिन्यात मी तीनदा शाळेत गेले. नवरा म्हणतो, मोठा झाला की आपोआप येईल. मैत्रिणीने मेंदूच्या व्यायामाचा क्लास सुचवलाय. मी कुठे कमी पडतेय?
– एक आई

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘चुकलं असतं तर?’ या तीन शब्दांपाशी अडखळले. ज्याला काही सुचतच नाही ते मूल निदान चेन ओढून तरी बघतं, रडतं, आदळआपट करतं. तुमचा मुलगा यातलं काहीच करत नाही. हात लावला तर बिघडेल आणि आई आली की नीट होईल, हे त्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तो बसून राहतो. मला यात आळस दिसत नाही. त्याच्या हाताशी असलेला सगळ्यात खात्रीचा उपाय तो वापरतोय. तो उपाय म्हणजे तुम्ही.

तुम्ही विचारता, मी कुठे कमी पडतेय. मला पत्रातून दिसतं ते असं, की तुम्ही फार लवकर पोहोचता. ‘आई, पेन्सिल’ म्हटलं की ‘कपाटाखाली बघ’. त्याच्या मनात शोध सुरू व्हायच्या आधीच उत्तर हजर. घाईच्या घरात हे असंच होतं. त्यात माया असते आणि वेळ वाचवायची धडपडही असते. पण प्रश्न पडणं आणि उत्तर मिळणं यांच्यामध्ये जी थोडी रिकामी जागा असते, विचार करायला मूल शिकतं ते तिथेच. ती जागा आपण भरून टाकतो.

मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात एक अगदी साधी गोष्ट मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती वेळ थांबतात? जेमतेम एक सेकंद. तेच शिक्षक तीन सेकंद थांबू लागले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणं कमी झालं आणि एरवी मागे राहणारी मुलंही बोलू लागली. फक्त तीन सेकंद! घरी तर आपल्याला तास संपवायचा नसतो. तुम्ही मनात दहापर्यंत आकडे मोजा. पहिले काही दिवस ते दहा आकडे फार लांब वाटतील, हे आधीच सांगून ठेवते.

आता ती चेन. समजा, तो दप्तर घेऊन तुमच्यासमोर उभा आहे आणि तुमच्याकडे वेळ आहे. दप्तर हातात घेऊ नका, पहिली अट हीच. त्याच्याशेजारी बसा आणि म्हणा, ‘कुठे अडकलीये, दाखव बरं.’ आता त्याला वाकून बघावं लागेल. आतलं अस्तर दातांत गेलंय, धागा आलाय, की एखादा दात वाकलाय? नीट बघणं हेच अर्धं काम असतं आणि घाबरलेलं मूल नेमकं तेच टाळतं. मग विचारा, ‘काय करून बघायचं?’ तो पुढे ओढेल. ‘काय झालं?’ ‘जास्तच अडकली.’ ‘बरं, म्हणजे पुढे ओढून उपयोग नाही, एवढं कळलं. आणखी काय करता येईल?’ इथे ते दहा आकडे मोजायचे. त्याला चेन मागे घ्यायचं सुचेल, कापड ताणून धरायचं सुचेल, किंवा काहीच सुचणार नाही. नाही सुचलं तर एक पायरी द्या, अख्खा जिना नको. ‘मी कापड धरते, तू हळूच मागे घेऊन बघ.’

अशा मदतीचं बारकाईने वर्णन १९७६ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वूड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी केलं. तीन ते पाच वर्षांची मुलं एकमेकांत बसणाऱ्या लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचत होती आणि शिकवणारी व्यक्ती मूल अडेल तिथे, अडेल तेवढीच मदत करत होती. त्यांनी या मदतीला परांचीची उपमा दिली. परांचीवर उभं राहून गवंडी भिंत बांधतो, आणि भिंत उभी राहिली की परांची उतरवायची असते. आपण आया परांची बांधण्यात तरबेज असतो. उतरवायला मात्र जीव होत नाही.

माझी धाकटी सहा वर्षांची असताना तिच्या टेबलाचा खण अडकला होता. चार बोटं उघडायचा आणि थांबायचा. ती ओढून ओढून लालबुंद झाली होती. मी मागे उभी होते, हात पाठीशी बांधून, कारण मोकळे ठेवले असते तर ते पुढे गेलेच असते. रंगांची पत्र्याची डबी आत उभी राहिलीये, हे मला दिसत होतं. सांगायला अर्धं वाक्य पुरलं असतं. शेवटी तिने ओढणं थांबवलं, खाली बसली, एक डोळा मिटून फटीतून आत बघितलं आणि स्वतःशीच पुटपुटली, ‘ही डोकं वर काढून बसलीये.’ मग पट्टी आणली, फटीतून आत सरकवली, डबीचं डोकं दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने खण ओढला. दोनदा पट्टी निसटली. तिसऱ्यांदा खण उघडला. तिने माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. खणात काय काय सापडतंय, त्यातच गुंगली.

तिचं ते पुटपुटणं मी विसरलेले नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांचं म्हणणं होतं की लहान मूल स्वतःशी मोठ्याने बोलतं तो त्याचा विचारच असतो. पुढे तो आवाज आत जातो आणि मनातलं बोलणं होतो. म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे, तुमचा विचारही त्याच्या कानावर पडू द्या. आपण मुलांना दिसतो ते प्रश्न सुटल्यानंतर. मधली चाचपड त्यांना कधी दिसतच नाही, त्यामुळे मोठ्यांना सगळं पहिल्या फटक्यात जमतं असं त्यांना वाटत राहतं. किल्ली सापडत नसेल तर बोलत बोलत शोधा. ‘दार उघडलं तेव्हा किल्ली हातात होती. तेवढ्यात फोन वाजला. म्हणजे पिशवी खुर्चीवर ठेवली असणार, तिथेच किल्लीही असेल. नाहीये. माझा अंदाज चुकला. आता पिशवीच उपडी करून बघते.’ ‘माझा अंदाज चुकला’ हे वाक्य तुमच्या तोंडून, शांत आवाजात, त्याला वरचेवर ऐकू यायला हवं. ‘चुकलं असतं तर?’ याला मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर हेच.

एक शब्द मात्र काही दिवस बाजूला ठेवा: ‘का’. ‘करून का नाही बघितलंस?’ हा दिसायला प्रश्न आहे, पण मराठीत या सुरातला ‘का’ म्हणजे ओरडाच. मुलाची मान खाली जाते आणि विचार तिथेच थांबतो. ‘काय झालं?’, ‘मग?’, ‘आता काय करता येईल?’ यांनी मूल बोलतं होतं. सावली संध्याकाळी लांब का होते, असा कुतूहलाचा ‘का’ असेल तर तो जरूर येऊ द्या.

‘सगळे त्याला हुशार म्हणतात’ हे तुम्ही सहज लिहिलंय. मला भीतीचं मूळ तिथे असावंसं वाटतं. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्राच्या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली. नंतर काहींना म्हटलं, ‘तू हुशार आहेस’. काहींना म्हटलं, ‘तू मेहनत घेतलीस’. पुढची कोडी मुद्दाम अवघड होती. तिथे अपयश आल्यावर हुशार म्हटलेल्या मुलांचा उत्साह जास्त लवकर मावळला आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी आपले गुणही वाढवून सांगितले. ज्याला हुशार म्हणून ओळखतात त्याला प्रत्येक चूक ती ओळख हिरावून घेणारी वाटते. मग हात न लावणं सगळ्यात सुरक्षित. शाबासकी भरभरून द्या, पण तुम्ही डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीची द्या. ‘तू आधी वाकून बघितलंस आणि मग ओढलीस.’ एवढं पुरतं.

आणि त्या दिवसाबद्दल त्याच्याशी बोला. ‘मी ओरडले ते चुकलं. चेन तुटली असती तरी चाललं असतं.’ दुसरं वाक्य गाळू नका.

क्लासबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या अडचणीसाठी तो लावू नका. कोड्यांची त्याला आवड असेल तर हवी तेवढी सोडवू दे. पण एका कामाचा सराव दुसऱ्या कामात सहजासहजी उतरत नाही, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९०१ मध्येच दाखवलं होतं. ठरावीक आकारांच्या क्षेत्रफळाचा अंदाज बांधण्यात तरबेज झालेल्या माणसांना वेगळ्या आकारांचा अंदाज तितका जमत नव्हता. चेन अडकल्यावर काय करायचं, हे अडकलेल्या चेनीपाशीच शिकता येतं.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. योजना आखणं, घाई आवरणं ही कामं करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास जाईपर्यंत घडत असतो, त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलाकडून मोठ्यांसारखी तयारी मागू नये. पण नुसतं वय वाढलं म्हणून कुणाला पोहता येत नाही.

मित्रांच्या भांडणात तुम्ही मध्ये पडणं थांबवावं असं मला वाटतं, पण त्याला एकटं सोडून नाही. अमेरिकेत मायर्ना शूर आणि जॉर्ज स्पिव्हॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात चार-चार वर्षांच्या मुलांबरोबर काम केलं. त्यांचा भर असायचा तो मुलांना एकाच अडचणीवर अनेक उपाय सुचवायला लावण्यावर. ‘तो मला खेळायला घेत नाही’ असं तो म्हणाला की आधी सगळी हकिकत ऐका. मग, ‘काय काय करता येईल?’ तो म्हणेल, ‘मी पण त्याला घेणार नाही.’ ‘हा एक झाला. आणखी?’ ‘बाईंना सांगेन.’ ‘आणखी?’ ‘दुसऱ्यांबरोबर खेळेन.’ मध्येच ‘असं नाही करायचं’ म्हणू नका, नाहीतर चौथा उपाय कधीच बाहेर येणार नाही. यादी संपली की एकेक उचला: ‘हे केलंस तर तो काय करेल?’ निवड त्याने करायची. ती तुम्हाला पटली नाही आणि त्यात कुणाला इजा नसेल, तर करू द्या आणि दुसऱ्या दिवशी विचारा, काय झालं.

वहीसाठी शाळेत जाणं मात्र आजपासून बंद. त्याला आधी सांगून, शिक्षा म्हणून नव्हे. वही विसरली तर बाईंना काय सांगायचं आणि विसरू नये म्हणून काय करायचं, हे दोन्ही रात्री त्यानेच ठरवू दे. तुम्ही सुंदर तक्ता करून भिंतीवर लावाल तर तो तुमचा तक्ता होईल. तो म्हणाला, ‘मी वही बुटांवर ठेवतो, म्हणजे बूट घालताना दिसेल’, तर ठेवू दे. आठवडाभर चाललं तर चाललं, नाही चाललं तर दुसरं काहीतरी शोधेल.

हे सगळं एकदम सुरू करू नका. मला वाटतं पंधरा दिवस फक्त हरवलेल्या वस्तूंपुरतं धरा. सकाळच्या घाईत नियम मोडा: बस सुटत असेल तर चेन लावून द्या आणि संध्याकाळी तेच दप्तर घेऊन बसा. तो दमलेला असेल, आजारी असेल, रडवेला झाला असेल तर आधी जवळ घ्या. आग, वीज, खोल पाणी, रस्ता, किंवा कुणी त्याला सतत मारतंय, छळतंय, इथे दहा आकडे मोजायचे नाहीत, इथे मोठ्यांनीच धावायचं. आणि असं धीराने काही महिने करूनही चुकायची धास्ती कमी झाली नाही, झोप उडाली, पोट दुखायला लागलं, शाळा नको म्हणू लागला, तर बालमानसतज्ज्ञांना जरूर भेटा. त्यात कमीपणा नाही.

आज रात्री दप्तर त्यालाच भरू द्या. पुस्तकं उलटसुलट जातील, पट्टी कोपऱ्यातून बाहेर डोकावेल, चेन एका बाजूला थोडी उघडी राहील. तो झोपल्यावर ते नीट लावायला जाऊ नका.