कॉन्सर्ट पियानिस्टचं आयुष्य नेमकं कसं असतं? नुसते कार्यक्रम करून पोट भरतं का?

आधीच सांगतो, मी पियानिस्ट नाही. व्हायचं होतं, पण तेवढा हात नव्हता. मात्र बरीच वर्षं कार्यक्रमात पियानिस्टच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसून नोटेशनची पानं उलटायचं काम केलंय, त्यामुळे ही मंडळी दीड-दोन फुटांवरून बघितलीयत.

पोटाचं आधी उरकतो. नुसत्या कार्यक्रमांवर जगणारे फार थोडे, बाकीचे शिकवतात, गायकांना आणि व्हायोलिनवाल्यांना साथ करतात, मिळेल ते रेकॉर्डिंग करतात. मानधनाचा आकडा ऐकायला भारी वाटतो पण त्यातून मॅनेजरचं कमिशन जातं, टॅक्स जातो, कधीकधी प्रवास पण स्वतःच्याच खिशातून, आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या कॉन्चेर्तोसाठी (म्हणजे ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायची मोठी रचना) आधी जे कित्येक महिने घासलेले असतात ते कुणी धरतच नाही.

आता खरी गंमत. व्हायोलिनवाला आपलं वाद्य खांद्याला लावून येतो, पियानिस्टला मात्र हॉलमध्ये जो पियानो उभा असेल त्याच्याशी त्या रात्रीपुरता संसार करावा लागतो. मोठा कॉन्सर्ट ग्रँड म्हणजे पावणेतीन मीटर लांब आणि जवळपास 500 किलोचं धूड, ते कोण घेऊन फिरणार? होरोविट्झ, झिमरमन यांच्यासारखे बडे पियानिस्ट आपला पियानो घेऊन फिरलेत, पण ते लाड सगळ्यांचे कोण करतं. बाकीच्यांना दुपारी एक-दोन तास मिळतात. आणि त्या वेळात ते काही जोरजोरात वाजवत बसत नाहीत हं, एकेक पट्टी अगदी हळू दाबून आवाज कुठे धरतोय ते बघतात, पेडल कुरकुरतंय का ऐकतात, स्टूल वर-खाली करत राहतात. एका बाईंनी मधल्या सप्तकातल्या एकाच पट्टीवर ट्यूनरला चाळीसेक मिनिटं धरून ठेवलेलं मी बघितलंय. सूर बरोबर होता, पण ती पट्टी शेजारणींपेक्षा जरा टणक बोलत होती. ट्यूनर बिचारा आतल्या नमद्याच्या हातोडीला सुया टोचून मऊ करतोय, बाई वाजवून मान हलवतायत, परत सुया. मला तर शेवटी फरकच कळेना!

सोलो कार्यक्रम सहसा पाठच वाजवायचा असतो. ही प्रथा 19 व्या शतकातली, क्लारा शूमान आणि लिस्ट या त्या वेळच्या नामवंत पियानिस्टांच्या काळापासून रुळलेली, आणि तिने किती जणांची झोप उडवली असेल देव जाणे. रिख्टरसारख्या बड्या पियानिस्टने तर उतारवयात सरळ नोटेशन समोर ठेवून, अंधाऱ्या हॉलमध्ये एक दिवा लावून वाजवायला सुरुवात केली. उलट मारिया जुआंव पिरेश या पियानिस्ट एकदा ॲम्स्टरडॅमला मोझार्टचा एक कॉन्चेर्तो धरून आल्या आणि ऑर्केस्ट्राने सुरू केला दुसराच, चेहरा पार पडला होता, पण सुरुवातीचं ऑर्केस्ट्राचं वाजवणं संपेपर्यंत सावरल्या आणि आठवणीतून वाजवला. तो व्हिडिओ बघाच.

माझ्याकडून एकदा ट्रिओमध्ये (तिघांनी मिळून वाजवायची रचना) दोन पानं एकदम उलटली गेली. माझं रक्तच गोठलं. पियानिस्टचा डावा हात चालूच होता, उजवा सटकन वर आला, एक पान मागे घेतलं आणि परत पट्ट्यांवर, मधले दोन-तीन सूर गिळले असतील फार तर. इंटरव्हलमध्ये एवढंच म्हणाले, "कोपरे आधीच दुमडून ठेवत जा." तेव्हापासून ठेवतो.

एक गोष्ट लोक बोलत नाहीत, हात. लिऑन फ्लायशर हा पियानिस्ट ऐन भरात असताना, 1960 च्या दशकात, त्याच्या उजव्या हाताची बोटं आपोआप आत वळायला लागली, पुढची तीसेक वर्षं तो मुख्यतः डाव्या हाताच्या रचना वाजवायचा, शिकवायचा, ऑर्केस्ट्रा चालवायचा. बरं त्या रचना तरी कुठून आल्या, तर बऱ्याचशा पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पॉल विटगेनस्टाइन या पियानिस्टने राव्हेल वगैरे संगीतकारांकडून लिहून घेतलेल्या. आणि ग्लेन गूल्ड या पियानिस्टने तर हात चालत असतानाच 1964 मध्ये, वयाच्या 31 व्या वर्षी, कार्यक्रमच सोडले आणि स्टुडिओत जाऊन बसला. मला तो अजिबात विक्षिप्त वाटत नाही, विमान, हॉटेल, परका पियानो, टाळ्या, परत विमान, हे वर्षानुवर्षं करून बघा म्हणजे कळेल.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की भाचा 13 वर्षांचा आहे, छान वाजवतो, त्याला या वाटेला लावू का. छान तर खूप जण वाजवतात हो. एका कार्यक्रमानंतर पाहुणे निघून गेले, लायटिंगवाला किल्ल्या घेऊन उभा, खुर्च्या उचलणं चाललंय, आणि ज्यांना नुकत्याच लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या होत्या ते गृहस्थ कोट काढून परत पियानोवर, तिसऱ्या भागातली एक जागा निसटली होती तीच, एकदम संथ, पुन्हा पुन्हा. मी शेवटी विचारलं, पान उलटू का? म्हणाले, नको, या पानावरच आहे मी अजून.