डिजिटल चित्रांत स्वतःची स्टाइल कशी येते? फ्लेक्सच्या दुकानातून एक उत्तर

प्रश्नकर्त्याने लिहिलंय की वय १९, दोन वर्षं झाली आधी मोबाइलवर आणि आता टॅबलेटवर चित्रं काढतोय, इंस्टाग्रामवर टाकतो, लोक भारी भारी म्हणतात, पण एका सिनियरने सांगितलं की सगळं चांगलंय पण यात तू कुठे दिसत नाहीस, तर मग स्टाइल शोधायची कशी, प्रेरणा कुठून आणायची, आणि तुम्ही लोक एक चित्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत करता तरी कसं. मी अरेतुरे करते हं, माझा धाकटा भाऊ तुझ्याच वयाचा आहे, राग मानू नकोस.

आधी माझी लायकी सांगते म्हणजे नंतर बोलायला नको. मी कुडाळात एका फ्लेक्स प्रिंटिंगच्या दुकानात डिझायनर आहे, सात वर्षं झाली. आर्ट कॉलेज वगैरे काही नाही, शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिल्या, इंटरमिजिएटला बी ग्रेड आली आणि बाबा म्हणाले झालं ना आता, बारावीकडे बघ. चित्रं रात्री काढते. गेल्या दोन वर्षांत जरा कामं यायला लागलीत, एका दिवाळी अंकात आतली सहा चित्रं, दोन लग्नपत्रिका, एका होमस्टेची भिंत, बास. म्हणजे मी पण तुझ्यासारखीच अर्ध्या वाटेवर आहे, फक्त दहा पावलं पुढे असेन.

तर स्टाइल. पहिली तीन वर्षं मी तेच केलं जे बहुतेक तू करत असशील, परदेशातल्या मोठ्या आर्टिस्टांची चित्रं समोर ठेवायची, त्यांचे ब्रश पॅक उतरवून घ्यायचे, केसांच्या कडेने सोनेरी उजेड मारायचा, डोळे तळहाताएवढे. लाइक यायचे. पण मी आणि अजून पाचशे जण, नाव झाकलं तर कोणाचं कुठलं ते आईला पण सांगता आलं नसतं. आणि गंमत म्हणजे यातून मला काही कलेच्या जाणिवेने बाहेर काढलं नाही, लॅपटॉपने काढलं. ४ जीबी रॅमचा सेकंडहँड लॅपटॉप, त्यात क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर टाकलेलं (फुकट आहे आणि उत्तम आहे, चोरीचं फोटोशॉप टाकून व्हायरसशी लग्न करण्यापेक्षा हे वापर). ए४ साइज ३०० डीपीआयला घेतली की कॅनव्हास होतो २४८० बाय ३५०८ पिक्सेल, आणि त्यावर आठ-दहा लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, झाले की माझा कर्सर देवदर्शनाला जायचा, मी रेघ आत्ता मारली की ती चहा पिऊन यायची. मग ते मऊ मऊ शेडिंग, धुकं, चमक सगळं बंद. सपाट रंग, चार-पाच लेयर, एवढ्यातच काय ते. तेव्हा रडले होते मी, खरंच, की आपल्याकडे मशीन नाही म्हणून आपण मागे.

दुसरी गोष्ट माझ्या हाताची. फ्लेक्सचं काम तू जवळून बघितलंय का माहीत नाही. वाढदिवसाचा बॅनर असतो, १० बाय ८ चा, साहेबांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला, गॉगल, मागे कोणाची तरी गाडी, आणि गिऱ्हाईक खुर्चीत बसून 'ताई जरा पटकन'. तो फोटो कापून काढायचा, आम्ही कटिंगच म्हणतो त्याला. माउसने कडेकडेने एकेक नोड, म्हणजे बिंदू, टाकत जायचं, कानाच्या पाळीवर तीन, जबड्याला दोन, कॉलरच्या टोकाला एक कडक कोपरा. केसांचं कटिंग कधीच खरं होत नाही, एकेक केस कोण कापणार, तिथे अंदाजाने एक वळणदार आकार काढायचा आणि पुढे जायचं. वर चारी बाजूंनी पांढरी आउटलाइन द्यायची म्हणजे मागच्या भगव्या-निळ्या गोंधळातून माणूस सुटा दिसतो. एका बॅनरवर खाली शुभेच्छुकांची वीस-वीस डोकी असतात. सात वर्षांत मी किती डोकी कापली असतील मोज तूच.

तर एका रात्री माझी जुनी चित्रं ओळीने बघत होते आणि लक्षात आलं की माझी माणसं कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसतात. केस म्हणजे एक आकार. रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची. आणि नकळत मी बऱ्याच ठिकाणी भोवती पांढरी कड सोडलेली. आधी लाजच वाटली, म्हटलं झालं, फ्लेक्स अंगात भिनला. मग आठ-पंधरा दिवस काहीच काढलं नाही. नंतर मुद्दाम तेच अजून जोरात करून बघितलं. टॅबलेटच्या खोक्यावर मोठ्ठं छापलेलं असतं ना प्रेशरच्या ८१९२ पातळ्या, म्हणजे पेन जितकं दाबाल तितकी रेघ जाड, मी ते प्रेशर बंदच करून टाकलं, माझी एकच पातळी. पांढरी कड जाड केली. आणि पहिल्यांदा कोणीतरी अनोळखी माणसाने खाली लिहिलं की नाव न बघता ओळखलं तुझं आहे ते.

म्हणून तुझ्या सिनियरला विचारू नकोस, तुझ्याच मागच्या पन्नास चित्रांकडे बघ. तू कुठे कंटाळा केलायस, काय येत नाही म्हणून टाळलंयस, आणि कोणी न सांगता कुठली गोष्ट परत परत केलीयस ते बघ. तुला पाय काढता येत नसतील तर प्रत्येक चित्रात माणसं कशाच्या तरी मागे उभी असतील. ती ज्याच्या मागे उभी आहेत त्या वस्तू बघ, तुझं काहीतरी तिथे असू शकेल.

प्रेरणेबद्दल. पिंटरेस्ट मी पण बघते, पण पिंटरेस्टवर जे दिसतं ते सगळ्यांनाच दिसतं हा त्याचा घोळ आहे. मी सावंतवाडीला मामाकडे जायचे लहानपणी, चितारआळीत लाकडी फळांच्या दुकानांसमोर मामी तासन्‌तास भाव करायची आणि मी बघत उभी. तिथेच गंजिफा पहिल्यांदा बघितला. हाताने रंगवलेले गोल पत्ते, दशावतारी गंजिफात १२० असतात, दहा अवतार आणि प्रत्येकाचे बारा, राजा, वजीर आणि एक ते दहा. आता विचार कर, चहाच्या बशीपेक्षा लहान गोल तुकडा, त्यात नरसिंह बसवायचा, तो पण खेळताना लांबून ओळखू आला पाहिजे. मग चित्रकार काय करतो तर पार्श्वभूमी एका रंगाची, माणूस गोलात बसेल असा वाकवायचा, फालतू काही नाही. थोडक्यात माझ्या ४ जीबीवाल्या लॅपटॉपचे नियम तेच, फक्त त्यांचं काम सुंदर. मी तेव्हापासून बऱ्याच चित्रांना चौकोनाऐवजी गोलात घालते आणि सगळे मिळून सहा रंगांच्या वर जात नाही.

दुसरं आमच्या शेजारचं पिंगुळी, कुडाळपासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं मांडीवर धरून एकेक दाखवत गोष्ट गायची. तिथले चित्रकथी कलाकार परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या दुकानात अभिनंदनाच्या फ्लेक्सची रांग लागलेली आणि मी इतकी वर्षं शेजारी राहून ती चित्रं कधी नीट बघितली नव्हती, म्हणजे बघ. नंतर रविवारी गेले. त्यातली माणसं बहुतेक एका बाजूने दिसतात आणि डोळा मात्र असा मोठा, की गर्दीतल्या प्रत्येकाची नजर कोणाकडे आहे ते कळतं. ते मी शिकले, नजर कुठे आहे ते आधी ठरवायचं. पण त्यांचे चेहरे उचलून माझ्या पोस्टरवर डकवले नाहीत. हे जरा स्पष्ट सांगते, कारण आजकाल बॉर्डरला चार वारली माणसं नाचवायची आणि खाली लिहायचं 'आपल्या मातीतली स्टाइल', हे मला अजिबात पटत नाही. ज्यांच्या घरात ती कला आहे ते त्यावर पोट भरतात. तू त्यातून विचार घे, आकृती घेऊ नको.

तिसरं आजोबांचे रद्दीतून वाचलेले जुने दिवाळी अंक, दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं. दलाल जाऊन पन्नास वर्षं उलटली, १९७१ ला गेले, पण त्या बायकांच्या उभं राहण्यात जो तोरा आहे तो मला अजून जमलेला नाही. त्यांनी पदर दोन-तीन रेघांत संपवलाय. मी पंधरा मारते आणि तरी तो पदर न वाटता टॉवेल वाटतो.

आता एक चित्र कसं होतं ते. मे महिन्यातलं एक सांगते, कारण त्यात मी पुरती तोंडावर आपटले. एसटी स्टँडच्या बाहेर एक काकू रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, घेऊन बसतात. मी फोटो काढला नाही. एलिमेंटरीला स्मरणचित्राचा पेपर असायचा बघ, तो माझा आवडता, ती सवय अजून ठेवलीय. आधी दोन-तीन दिवस येता-जाता नुसतं बघायचं, मग दुकानात जुन्या बिलाच्या पाठीवर पेनाने काडेपेटीएवढी चित्रं काढायची, दहा-बारा. जे लक्षात राहिलं ते महत्त्वाचं, जे विसरलं ते चित्रात नसलं तरी चालतं असं माझं गणित. लक्षात राहिलेलं असं, की काकू गिऱ्हाइकाकडे बघतच नाहीत, एसटीकडे बघतात. आणि रातांब्यांची पाटी, म्हणजे टोपली, पोटाशी धरलेली. मग त्यातलं एक निवडून मोबाइलने फोटो, क्रिटात खाली ठेवायचा, वर कच्ची रेघ. त्यानंतर लगेच सगळं काळ्या, पांढऱ्या आणि एका करड्यात भरून बघायचं, रंग नाहीतच. स्क्रीन लांबून, दारातून बघायची, काकू आणि पाटी ओळखू आली तरच पुढे. हे फ्लेक्समुळेच, बॅनर लोक चालत्या गाडीवरून बघतात ना. मग रंग. रातांब्याचा लाल, नऊवारीचा हिरवा, एसटीचा लाल मुद्दाम फिक्का केला नाहीतर तो रातांब्याशी भांडला असता. शेवटी अक्षरं हाताने काढते, दिवसभर श्रीलिपीचे फॉन्ट बघून डोळे विटलेले असतात.

चार रात्री लागल्या. झालं, मी खूश, दुकानातच रंगीत प्रिंट काढली आणि काकूंना द्यायला गेले. त्यांनी चष्मा नसल्यामुळे लांब धरून बघितलं, हसल्या, आणि म्हणाल्या, "गो बाय, सगळा बरा हा, पण ह्ये हात माझे न्हय." आणि हात पुढे केले. रातांबे फोडून फोडून, सोलं, म्हणजे त्यांच्या साली, रसात बुडवून वाळत घालून, बोटांची टोकं काळपट जांभळी, नखांच्या कडा तर अगदी काळ्या. मी तीन दिवस 'निरीक्षण' करत होते म्हणे, आणि हात काढले होते बॅनरवरच्या साहेबांसारखे गोरे गुळगुळीत. सवयीने. इकडे दुकानात चेहरे-हात उजळ करूनच द्यायचे असतात, नाहीतर गिऱ्हाईक परत पाठवतं.

घरी येऊन बोटं रंगवली. नुसतं एवढंच बदललं आणि चित्र उठलं. तेव्हापासून प्रत्येक माणसाचे हात वेगळ्या रंगात भरते, कोळणीचे, गॅरेजवाल्याचे, पीठगिरणीवाल्या आजोबांचे पांढरे. आता लोक म्हणतात ही तुझी सिग्नेचर आहे हो. ती काकूंची आहे.

छपाईचं पण सांगते, तुला उपयोगी पडेल. स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, लाल-हिरवा-निळा, आणि छपाई चार शाईंनी होते, त्यामुळे स्क्रीनवरचे काही झगझगीत रंग कागदावर येऊच शकत नाहीत. हे मला पोटापाण्यासाठी रोज माहीत असतं आणि तरी स्वतःच्या पोस्टकार्डांना मी तो मोरपिशी निळा वापरला, बाहेर एका ठिकाणी छापायला दिली, आणि चाळीस कार्डं आली ती धुतलेल्या जीन्सच्या रंगाची. त्यांची चूक नव्हती. आधी एक नमुना छापून घे, रडत का होईना पैसे दे त्याचे.

एआयचं तू विचारलं नाहीस पण विचारशील. दुकानात रोज एकतरी जण येतो, मोबाइल पुढे करतो, ताई हे एआयने काढलंय, फक्त नाव टाका. टाकते, पगार त्याचा आहे. त्या चित्रांत सगळ्यांचे हात स्वच्छ असतात एवढं मी हल्ली बघते.

वेळ किती द्यायचा, तर मला रोज रात्री दीड तास मिळतो, पावसात लाइट गेली की तोही नाही, मग मेणबत्तीवर बिलांच्या पाठी काळ्या करते. पैशाचं म्हणशील तर पहिलं काम फुकट केलं, दुसऱ्याला मागायला लाजले, तिसऱ्याला निम्मे आगाऊ मागितले आणि त्याने मुकाट दिले. तू दुसऱ्यापासूनच माग.

तुझी पन्नास चित्रं ओळीने लावून स्क्रीनशॉट टाक खाली कमेंटमध्ये, बघते मी रविवारी. आत्ता सरपंचांचा वाढदिवस आलाय आणि अजून अकरा डोकी कापायचीत.